शिरोरेषेत फट कुठून आली?

मुलांनो, आज आधी एक प्रयोग करू, मग बोलू. घरातल्या मोठ्या माणसांना विचारून त्यांचा मोबाईल घ्या. पडद्यावर एखादं पांढरं पान उघडा. आता बोटाचं टोक पाण्यात बुडवा आणि पडद्यावर मोहरीएवढा एकच थेंब ठेवा. (मोहरीएवढाच हं! जास्त पाणी सांडलं तर प्रयोग राहील बाजूला आणि बोलणी तेवढी खावी लागतील.) थेंबातून निरखून बघा. पांढरा दिसणारा पडदा पांढरा नाहीच! लाल, हिरवे, निळे असे इवले इवले कण ओळीने बसलेले दिसतील. थेंबाचं भिंग झालं आणि पडद्याचं गुपित फुटलं.

टीव्ही असो, कॉम्प्युटर असो की मोबाईल, पडदा म्हणजे ठिपक्यांचा पट. जवळजवळचे लाल, हिरवा आणि निळा असे कण मिळून एक ठिपका होतो. त्याला पिक्सेल म्हणतात, पण आपण सोयीसाठी ठिपकाच म्हणू. दिवाळीत अंगणात तुम्ही ठिपक्यांची रांगोळी काढता ना, तसाच हा पट. फरक एवढाच, की रांगोळीत आपण ठिपके जोडतो. पडद्यावर नुसते ठिपके काळे-पांढरे करून चित्र उमटवायचं असतं. दोन ठिपक्यांच्या मधे तिथे काहीच नसतं.

आता दुसरी गोष्ट आठवा. कॉम्प्युटरवर मराठी मजकूर वाचताना शब्दावरची शिरोरेषा मधेच पुसट झालेली कधी पाहिली आहे का? कुठे केसाएवढी फट दिसते, कुठे एखादं अक्षर शेजाऱ्यापेक्षा एका ठिपक्याने खाली बसलेलं असतं. तुम्ही वहीत अशी शिरोरेषा काढलीत तर बाई लगेच लाल पेनाने गोल करतील. आणि बाईंचं काही चुकत नाही. मराठीत शिरोरेषा तुटली की शब्द संपला, असं आपण पहिलीपासून शिकतो. 'आजीवन' या शब्दात फट पडली, तर नुकतंच वाचायला शिकलेलं पोर 'आजी वन' वाचणार, आणि आजी वनात का गेली म्हणून विचारत बसणार!

ही फट पाडतो कोण? फॉन्ट काढणाऱ्या चित्रकाराने तर रेघ सलग काढलेली असते. चूक होते ती गणितात, आणि तीही तुमच्या ओळखीच्या गणितात. अपूर्णांकाचा जवळचा पूर्णांक घ्यायचा असतो ना, तिथे.

अक्षर म्हणजे चित्र नव्हे, पत्ते

कॉम्प्युटरमध्ये 'ब' हे अक्षर चित्र म्हणून ठेवलेलं नसतं. फॉन्टच्या फाईलमध्ये असते ती बिंदूंची यादी. या चौकटीतून निघा, त्या चौकटीपर्यंत सरळ जा, मग असं वळण घ्या. वळणांचं हे गणित फ्रान्समध्ये मोटारींचे गोलाईदार पत्रे आखण्यासाठी तयार झालं होतं. रेनो कंपनीतले पिएर बेझिए आणि सित्रोएन कंपनीतले पॉल द कास्तेल्जो या दोघांचं ते काम. मोटारीच्या बॉनेटची गोलाई आणि आपल्या 'ब'ची गोलाई एकाच गणितातून निघते, हे ऐकून गंमत वाटते की नाही?

ट्रूटाइप नावाच्या फॉन्टच्या प्रकारात ही आखणी बहुतेक वेळा २०४८ चौकटींच्या कागदावर केलेली असते. ॲपल कंपनीत साम्पो कासिला यांनी हा प्रकार तयार केला. १९९१ मध्ये तो ॲपलच्या कॉम्प्युटरवर आला आणि १९९२ मध्ये विंडोज ३.१ वर.

समजा, तुम्हाला अक्षर १६ ठिपक्यांच्या आकाराचं हवं आहे. २०४८ ला १६ ने भागा. आले १२८. म्हणजे कागदावरच्या १२८ चौकटींना पडद्यावर मिळतो एक ठिपका. १२८ जणांनी एका बाकावर बसायचं! इथेच ओढाताण सुरू होते.

तुमची गणिताची चौकटीची वही काढा आणि 'बाबा' हा शब्द घ्या. यात उभ्या रेघा चार. 'ब'ची एक, कान्याची एक, पुन्हा 'ब'ची, पुन्हा कान्याची. चारही रेघा सारख्याच जाड हव्यात. हिशोबाने जाडी आली १.४ ठिपके. पहिली रेघ सुरू होते ५.२ वर आणि संपते ६.६ वर. दुसरी ८.९ ते १०.३. तिसरी १६.६ ते १८. चौथी २०.३ ते २१.७. अपूर्णांकावर ठिपका नसतो, म्हणून प्रत्येक कडा जवळच्या पूर्ण आकड्यावर न्या बरं.

पहिली रेघ झाली ५ ते ७, म्हणजे जाडी २. दुसरी ९ ते १०, जाडी १. तिसरी १७ ते १८, जाडी १. चौथी २० ते २२, जाडी २. पहिल्या 'बा'मध्ये 'ब' लठ्ठ आणि काना रोड; दुसऱ्या 'बा'मध्ये बरोबर उलटं! आठही कडा पुन्हा तपासा. एकही गणित चुकलेलं नाही. प्रत्येक कडा नियमाप्रमाणेच हलली, तरी शब्द मात्र वेडावाकडा झाला. या विषयातली हीच खरी गोम आहे. चूक शोधायला जावं, तर चुकलेली पायरीच सापडत नाही.

मग उपाय काय? दोन्ही कडा वेगवेगळ्या हलवायच्याच नाहीत. आधी जाडी ठरवायची. १.४ ला जवळचा आकडा १, म्हणून जाडी एक ठिपका, चारही रेघांना तीच. मग फक्त डावी कडा हलवायची आणि उजवी कडा तिच्यापासून एक ठिपक्यावर धरायची. रेघा आता ५, ९, १७ आणि २० वर सुरू होतात, सगळ्या सारख्या बारीक. वा! पण थांबा. पहिल्या 'बा'मध्ये दोन रेघांमधलं अंतर ४ आलं आणि दुसऱ्यात ३. खरं अंतर दोन्हीकडे ३.७ होतं. म्हणजे चूक गेली नाही, तिने फक्त घर बदललं. जाडीतून ती अंतरात जाऊन बसली. तरी हा सौदा फायद्याचाच, कारण रेघ दुप्पट जाड झालेली डोळ्याला चटकन खुपते, चाराचे तीन झालेले तितके नाही.

फॉन्ट करणारे लोक अशा सूचना फॉन्टमध्येच लिहून ठेवतात. 'या रेघांची जाडी सारखी ठेवा', 'ही रेघ कितीही बारीक झाली तरी एक ठिपका ठेवाच'. ही दुसरी सूचना फार महत्त्वाची बरं का. जाडी ०.४ आली की जवळचा पूर्णांक शून्य, आणि रेघ गडपच! काना गडप झाला तर 'बाबा'चं 'बब' व्हायला कितीसा वेळ लागणार?

रुपयाचे चौसष्ट पैसे

आता पडद्यावर ठिपका अपूर्णांकात भरता येत नसला, तरी हिशोब अपूर्णांकातच करावा लागतो. तो कॉम्प्युटर कसा ठेवतो, ते समजायला आपल्याकडे एक फार छान जुनी वस्तू आहे. जुना रुपया! १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे शंभर पैशांचा रुपया सुरू झाला. त्याआधी रुपयाचे आणे १६ आणि आण्याचे पैसे ४. म्हणजे रुपयाचे पैसे किती? सोळा चोक चौसष्ट. 'सोळा आणे खरं' असं आजी म्हणते ना, ते सोळा आणे हेच.

अक्षरं काढणारे कितीतरी प्रोग्रॅम एका ठिपक्याचे बरोबर ६४ भाग करतात. कॉम्प्युटर दोनाच्या पटीत मोजतो आणि दोनाला दोनाने गुणत गेलं की ६४ नेमके येतात. त्यामुळे ठिपका म्हणजे रुपया आणि त्याचा चौसष्टावा भाग म्हणजे जुना पैसा असं धरलं, की सगळा हिशोब सोपा होतो. १००० चौकटी रुंद अक्षर घ्या. भागिले १२८, म्हणजे ७.८१२५ ठिपके. आपल्या भाषेत ७ रुपये १३ आणे. आता जवळचा पूर्ण रुपया काढायचा तर युक्ती अशी: आठ आणे मिळवा आणि वरची चिल्लर सोडून द्या. ७ रुपये १३ आण्यांत ८ आणे मिळवले, झाले ८ रुपये ५ आणे. चिल्लर सोडली, राहिले ८. फ्रीटाइप नावाचा एक प्रोग्रॅम आहे. १९९६ मध्ये डेव्हिड टर्नर यांनी तो लिहायला घेतला आणि आज अँड्रॉइड मोबाईलमध्येही तो असतो. त्यात अगदी हेच लिहिलेलं आहे: ३२ मिळवा, ६४ च्या खालची चिल्लर टाका. ३२ पैसे म्हणजेच आठ आणे की!

पण चिल्लर दोनदा टाकलीत तर फसाल. तुम्हाला शाळेत विचारतात: ७.४६ चा जवळचा पूर्णांक सांगा. उत्तर ७. पण एखादा घाईघाईने आधी ७.४६ चे ७.५ करतो आणि मग ७.५ चे ८. दोन्ही पायऱ्या नियमाप्रमाणे, उत्तर मात्र चूक! फॉन्टमध्ये हे कसं होतं, बघा. शिरोरेषेची वरची कड १३४३ चौकटींवर आहे. तिचे पैसे करा: ६७१ आणि अर्धा. अर्धा पैसा नसतो, म्हणून धरले ६७२. ६७२ पैसे म्हणजे १० रुपये ८ आणे बरोबर. आठ आणे आले की पुढचा रुपया, म्हणजे ११. खरं तर रक्कम आठ आण्यांना अर्धा पैसा कमी होती, उत्तर १० यायला हवं होतं. अर्ध्या पैशाने एक रुपया खाल्ला! म्हणून चांगला प्रोग्रॅम मूळ आकडा शेवटपर्यंत जपून ठेवतो. जिथे हिशोब लांबलचक असतो, तिथे ६४ च्या ऐवजी ६५,५३६ भागांची बारीक चिल्लर वापरतात आणि पूर्णांक करतात तो एकदाच, अगदी शेवटी.

शिरोरेषेच्या पायऱ्या कशा पडतात, तेही आता तुम्हीच सांगू शकाल. 'क'ची शिरोरेषा १३४४ चौकटींवर आहे, म्हणजे साडेदहा ठिपके, ती गेली ११ वर. 'म' काढताना हात दोन चौकटी खाली आला, १३४२. त्याचे पैसे ६७१, म्हणजे साडेदहाला एक पैसा कमी, ती गेली १० वर. २०४८ मधल्या दोन चौकटी कोणाला दिसणार? पण पडद्यावर त्याची एक अख्खी पायरी झाली आणि 'कमळ'मधला 'म' धपकन खाली आला. यावर उपाय असा, की शिरोरेषेची उंची प्रत्येक अक्षराने आपापली ठरवायचीच नाही. फॉन्टमध्ये एक तक्ता असतो, त्यात उंची एकदाच लिहायची आणि सगळ्या अक्षरांनी तिथे विचारायचं. शाळेत प्रत्येकाच्या घड्याळाप्रमाणे तास बदलत नाही, सगळ्यांना घंटा एकच. तसंच हे.

पन्नास अधिक पन्नास पंचाहत्तर!

पायऱ्या गेल्या, पण फट राहिलीच. तिचं कारण वेगळं आहे आणि मला स्वतःला हा भाग सगळ्यांत मजेदार वाटतो.

ठिपका अर्धा भरता येत नाही, पण करडा करता येतो. रेघेने ठिपक्याचा निम्मा भाग व्यापला असेल, तर तो पन्नास टक्के काळा करायचा. लांबून बघणाऱ्या डोळ्याला कड गुळगुळीत वाटते. आता 'क' आणि 'म' यांची शिरोरेषा एका ठिपक्याच्या बरोबर मधोमध जोडलेली आहे. डावा निम्मा भाग 'क'चा, उजवा 'म'चा. पन्नास आणि पन्नास शंभर, ठिपका पूर्ण काळा व्हायला हवा. होत नाही!

का? कॉम्प्युटर अक्षरं एकामागून एक रंगवतो. 'क' आला, त्याने ठिपक्याचा निम्मा पांढरेपणा झाकला. उरला पन्नास टक्के पांढरा. मग 'म' आला. त्याला मिळालेला हुकूम असा: 'समोर जे आहे, त्याचा निम्मा पांढरेपणा झाका.' पन्नासाचा निम्मा पंचवीस. म्हणजे पंचवीस टक्के पांढरेपणा उरलाच. शिरोरेषा काळी कुळकुळीत आणि सांध्यावरचा ठिपका मात्र पंचाहत्तर टक्केच काळा. तीच ती पुसट फट. खिडकीला दोन पातळ पडदे एकावर एक लावले तरी थोडा उजेड येतोच ना, तसं.

रोमन लिपीला हा त्रास क्वचितच होतो, कारण छापील इंग्रजी अक्षरं एकमेकांना चिकटत नाहीत. आपली अक्षरं हातात हात घालून उभी असतात, म्हणून आपल्यालाच ही फट दिसते. देवनागरी फॉन्ट करणारे अनेक जण त्यासाठी प्रत्येक अक्षराची शिरोरेषा त्याच्या हद्दीपेक्षा थोडी पुढे काढतात. शेजाऱ्याच्या अंगणात जराशी शिरणारी. मग सांध्यावरचा ठिपका एका अक्षराने जवळजवळ पूर्ण झाकला जातो. मात्र अक्षरांचा रंग पारदर्शक, फिका असेल, तर जिथे दोन रेषा एकमेकींवर चढतात तिथे गडद गाठ दिसते. फट गेली, गाठ आली! त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे अख्ख्या शब्दाची मिळून एकच आकृती करायची, ठिपका किती व्यापला ते बेरजेने काढायचं आणि रंग एकदाच द्यायचा. मग पन्नास अधिक पन्नास शंभरच होतात.

एका पुस्तकासाठी अडलेली दहा वर्षं

एका अक्षराचं झालं, आता ओळीचं बघू. अक्षराची रुंदी ५.४ ठिपके आली आणि आपण ती ५ धरली, तर एका अक्षरामागे ०.४ ठिपका मागे पडतो. चाळीस अक्षरांची ओळ झाली की १६ ठिपके कमी! पडद्यावर जो शब्द ओळीत आरामात मावला, तो कागदावर छापताना मावेना आणि खालच्या ओळीत गेला. एक शब्द खाली गेला की पुढच्या सगळ्या ओळी बदलतात, पान बदलतं, अनुक्रमणिका चुकते. पालकहो, पडद्यावर एका पानात बसलेला अर्ज छापताना दुसऱ्या पानावर दोन ओळी सांडतो, त्यामागे अनेकदा असाच एखादा हिशोब असतो.

या प्रश्नाचा अगदी पिच्छा पुरवला तो अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डोनाल्ड कनूथ या प्राध्यापकांनी. 'द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग' हा त्यांचा मोठा ग्रंथ खंडाखंडाने निघत होता. पहिल्या वेळी तो शिशाच्या खिळ्यांनी जुळवला होता, छान दिसत होता. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं त्यांच्या हाती आली. आता नवं तंत्र आलं होतं, अक्षरं फोटोच्या पद्धतीने जुळवलेली होती. ती पाहून कनूथ यांना इतकं वाईट वाटलं, की त्यांनी ग्रंथ बाजूला ठेवला आणि पुस्तक जुळवणारा प्रोग्रॅम स्वतःच लिहायला घेतला. त्याचं नाव टेख. अक्षरं आखणारा जोडीचा प्रोग्रॅम मेटाफॉन्ट. वर्षभरात संपेल असं वाटलेलं हे काम जवळजवळ दहा वर्षं चाललं. ग्रंथाच्या चौथ्या खंडाचा पहिला भाग निघायला २०११ साल उजाडलं! कोणी याला हट्ट म्हणेल. मी नाही म्हणणार.

१९८२ मध्ये टेख नव्याने लिहिताना कनूथ यांनी एक कडक नियम केला. ओळ कुठे तोडायची, हे ठरवणाऱ्या हिशोबात दशांश अपूर्णांक वापरायचेच नाहीत, फक्त पूर्ण संख्या. कारण त्या काळी प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर अपूर्णांकांची शेवटची घरं आपापल्या पद्धतीने कापायचा. एकच पुस्तक इथे २०० पानांचं आणि तिथे २०१ पानांचं व्हायचं. मग पूर्ण संख्येत मोजायला एकक फार बारीक हवं. छापखान्यातला पॉइंट म्हणजे इंचाचा ७२.२७ वा भाग. कनूथ यांनी त्या पॉइंटचे ६५,५३६ भाग केले. तुमच्या पट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये असे सुमारे १ लाख ८६ हजार भाग बसतात! डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका लहरीपेक्षाही हा भाग शंभरेक पटीने लहान आहे. एवढ्या बारीक चिल्लरीत एखादा भाग इकडेतिकडे झाला, तरी कोणाला दिसणार?

ऋण संख्यांसाठीही त्यांनी नियम केला. उणे ७ ला २ ने भागलं तर उणे साडेतीन. अपूर्णांक सोडायचा, तर एक कॉम्प्युटर म्हणे उणे ३, दुसरा म्हणे उणे ४. म्हणून टेखमध्ये ऋण संख्येला थेट भागतच नाहीत. चिन्ह बाजूला ठेवायचं, भागाकार करायचा, चिन्ह परत लावायचं. मराठीला याचं महत्त्व जास्त, कारण अनेक देवनागरी फॉन्टमध्ये मात्रा, उकार, अनुस्वार यांची जागा ऋण अंकांत लिहिलेली असते. त्यांना मागच्या अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी जायचं असतं ना! समजा, अनुस्वाराचा टिंब शून्याच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच ठिपके आहे. अर्धा मिळवून खालच्या आकड्यावर यायचं, हा नियम लावा. उजवीकडे अडीचचे तीन होतात, डावीकडे उणे अडीचचे उणे दोन. टिंब एका अंगाला सुजला! चिन्ह बाजूला ठेवून हिशोब केला की दोन्हीकडे तीन आणि टिंब पुन्हा गोल.

आणि ओळ मागे पडण्याचं काय? एक उपाय असा, की खरी बेरीज जपून ठेवायची आणि प्रत्येक अक्षराची जागा त्या बेरजेवरून काढायची. ५.४, १०.८, १६.२, २१.६, २७. म्हणजे ५, ११, १६, २२, २७. आता कितीही अक्षरं येऊ द्या, चूक अर्ध्या ठिपक्याच्या वर जाणार नाही. पण एक अक्षर ५ ठिपक्यांवर, पुढचं ६ वर, असा शब्द खिळखिळा दिसतो. कनूथ यांच्या मंडळींनी मधला मार्ग काढला. शब्दाच्या आत अक्षरं पूर्ण ठिपक्यांत सारखी ठेवायची, थोडी चूक साठू द्यायची, पण दोन ठिपक्यांच्या पलीकडे नाही. शब्द संपून मोकळी जागा आली, की खऱ्या बेरजेवर परत यायचं. इंचाला ३०० ठिपके देणाऱ्या छपाईयंत्रावर दोन ठिपके म्हणजे मिलिमीटरचा सहावा भाग. मोकळी जागा तेवढी कमी-जास्त झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. दुधात पाणी नव्हे, पाण्यात पाणी!

टेखमधली चूक दाखवणाऱ्याला कनूथ बक्षिसाचा चेक पाठवत. सुरुवात २.५६ डॉलरने. दर वर्षी रक्कम दुप्पट करत करत ती ३२७.६८ डॉलरवर थांबवली. दुप्पट किती वेळा झाली, मोजा बरं. बरेच लोक हे चेक बँकेत भरतच नसत, फ्रेम करून भिंतीला लावत.

कनूथ यांच्या याच मेटाफॉन्टमध्ये १९९१ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातल्या फ्रान्स वेल्थेइस यांनी देवनागरी अक्षरं आखली, आणि टेखमधून मराठी, हिंदी, संस्कृत छापता येऊ लागलं. पुढे विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट आला. तो आपल्या मराठी कवी-सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला.

मोबाईलच्या आजच्या पडद्यांवर ठिपके इतके दाट असतात, की अर्ध्या ठिपक्याची चूक पूर्वीसारखी डोळ्यात भरत नाही. तरी हिशोब सुटलेला नाही. क्रोम आणि अँड्रॉइडमध्ये चित्र काढण्याचं काम करणारा स्किया नावाचा प्रोग्रॅम आहे. तो लहान अक्षरांची जागा पाव ठिपक्याच्या पायरीने ठरवू शकतो. पूर्ण, पाव, अर्धा, पाऊण. जवळचा पाव काढताना तो आधी पावाचं निम्मं मिळवतो आणि उरलेली चिल्लर टाकतो. जुन्या रुपयात सांगायचं तर मिळवायचे दोन आणे.

आता वहीचं एक पान तुमच्यासाठी. सात अक्षरांचा एक शब्द आहे, प्रत्येक अक्षर ४.३ ठिपके रुंद. प्रत्येक रुंदी ४ धरली तर शब्द २८ ठिपक्यांत संपतो, खरा तो ३०.१ ठिपक्यांचा. चौकटीच्या वहीत एकाखाली एक दोन ओळी आखा. पहिलीत नुसते चार-चार मोजून खुणा करा, दुसरीत खरी बेरीज करत जाऊन प्रत्येक वेळी जवळच्या चौकटीवर. पाचव्या अक्षराला बेरीज नेमकी साडेएकवीस येईल. तिथे पुढे जायचं की मागे, ते सुरुवात करण्याआधीच ठरवून घ्या.